लांबडीचे तेल थंड करण्याबाबत

३ मार्च १९९९, बुधवार

धाऊचे कार्ड आले. नऊ वर्षांत पहिले. मजकूर असा: "चंदाचे लग्न ठरले. मुलगा आटगावचा, नाव आदेश. रविवार ९ मे, धसईला आपल्याच दारात. पुढे अधिक महिना लागतो, त्यामुळे तारीख हलणार नाही. मुलीची पाठवणी बाबांच्या गाडीतून व्हावी अशी इच्छा आहे. गाडी पाठवणे. ड्रायव्हर कोणीही चालेल."

अक्षर चंदाचे. सही तेवढी धाऊची, तीही तिरकी, पत्त्याच्या रकान्यात घुसलेली. सख्ख्या भावाला चार ओळी लिहायच्या तर माणसाने स्वतः लिहाव्यात. पोरीकडून लिहवून घेतल्या, यावरून काय ते समजावे.

थोडक्यात, मला लग्नाला बोलावलेले नाही. गाडीला बोलावले आहे.

बायको, गीता, म्हणाली, "मग, कधी निघायचा?"

मी म्हणालो, "ड्रायव्हर कोणीही चालेल, असं लिहिलंय."

"तुमच्याशिवाय ती कोणाला चालवता येते का?"

येत नाही, हे खरे आहे.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. मी धरणाच्या तलावावर पाण्याची पातळी लिहिणारा माणूस आहे, अर्धवट नोंद मला चालत नाही. आमचे वडील सावळाराम मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ गेल्यावर शेठाणीने ही अमेरिकन गाडी त्यांना देऊन टाकली. म्हणाली, सावळाराम, हिला घेऊन जा, माझ्याच्याने बघवत नाही. गाडी १९६४ ची. लांबी आमच्या ओटीपेक्षा दीड हात जास्त. नावाची अक्षरे कधीच पडून गेली, त्यामुळे गावात तिला लांबडी म्हणतात. हिला क्लच नाही. गिअर आपोआप पडतो.

वडील गेल्यावर धाऊ म्हणाला, पेट्रोल परवडत नाही, इंजिन काढून डिझेलचे टाकू आणि जीपचा गिअरबॉक्स बसवू. मी म्हणालो, बापाचे काळीज काढून त्या जागी म्हशीचे बसवशील काय? तो म्हणाला, "दादा, तुला गाडी पायजे नाय, पुतळा पायजे." त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो धसईलाच असतो. सासऱ्यांना मुलगा नव्हता, त्यांचे घर आणि भातशेती तोच बघतो.

गाडी पाठवायची, असे ठरले. मी थोरला आहे, मला मन मोठे ठेवावे लागते.

७ मार्च, रविवार

धसईपर्यंत जाते का बघायला लांबडी बाहेर काढली. शहापूर ते किन्हवली काही तक्रार नाही. किन्हवलीच्या पुढे चढ लागला तसे इंजिन ओरडू लागले आणि गाडी मात्र सुस्तावत गेली. शेवटी नुसताच आवाज राहिला, चाल राहिली नाही. खालून जळका वास. पाण्याच्या उष्णतेचा काटाही नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला. आंब्याखाली पन्नास मिनिटे बसलो. एक एसटी, दोन जीप आणि एक सायकलवाला गेला. चौकशी सर्वांनी केली. नंतर गाडी आपोआप चालू लागली, जणू काही झालेच नव्हते.

निष्कर्ष: गाडी गरम होते.

१४ मार्च, रविवार

आठवडाभर संध्याकाळी काम केले. पाण्याचा पंप उघडला, रेडिएटर धुतला, पंख्याचा पट्टा बदलला. हायवेवरचा विठू फोरमन येऊन बघून गेला. म्हणाला, "मास्तर, पाणी कमी नाय पडत हिला. वय झालाय." मी मास्तर नाही, पण तो सर्व चष्मेवाल्यांना मास्तर म्हणतो.

आज पुन्हा त्याच चढाला गेलो. पुन्हा तोच आंबा. तिथे सकुबाई नावाची बाई कैऱ्या विकते. तिने मला बघून न विचारताच बसायला गोणपाट टाकले.

२१ मार्च, रविवार

मुरबाडला जुन्या गाड्यांचे सामान मिळते म्हणून गेलो. काही मिळाले नाही. स्टँडवर धसईची एसटी उभी होती, उभी होती म्हणून बसलो. दुसरे कारण नव्हते.

धसईत बाजार भरला होता. भाजीच्या रांगेत समोरून धाऊ येताना दिसला. चंदा त्याच्या पुढे पिशवी घेऊन चालत होती आणि याचा हात तिच्या खांद्यावर होता. केस पांढरे झालेत. मी जागीच उभा राहिलो. तो माझ्यापासून दोन हातांवरून गेला. तोंड सरळ पुढे. मान वळवली नाही, ओळख दाखवली नाही. चंदाचे लक्ष दुसरीकडे होते.

नऊ वर्षांनंतर माणूस निदान शिवी तरी देतो.

पुढच्या एसटीने परत आलो. गीताला सांगितले. तिने तव्यावरची भाकरी करपू दिली.

म्हणाली, "हाक मारलीत का?"

"मी का मारू? मी थोरला."

"मारायची होती," ती म्हणाली आणि करपलेली भाकरी माझ्याच ताटात वाढली.

२३ मार्च, मंगळवार

गाडी पाठवायची नाही असे ठरवले. गीताला सांगितले. ती बरे म्हणाली. फार लवकर बरे म्हणाली.

२८ मार्च, रविवार

गीता सकाळच्या एसटीने एकटीच धसईला गेली. जाऊबाईला, म्हणजे शकूला, लग्नाचे पापड लाटायला मदत हवी म्हणाली. नऊ वर्षे या दोघींचे बोलणे बंद आहे अशी माझी समजूत होती.

संध्याकाळी आली. पापड आणले नाहीत, निरोप आणला. "भावजी येतायत पुढच्या रविवारी. गाडी बघाया."

"कशाला? त्याला तर डिझेल टाकायचं होतं."

"तुमी दोन वेळा आंब्याखाली बसलेत, ते मी सांगितला."

हे सांगायची गरज नव्हती.

४ एप्रिल, रविवार

धाऊ आला. सोबत चंदा. एसटीतून उतरल्यापासून शेडपर्यंत तिने बापाचा दंड सोडला नाही. लग्न ठरलेल्या मुली हळव्या होतात, हे ऐकून होतो.

मी म्हणालो, "ये."

तो म्हणाला, "आलो."

एवढ्यावर नऊ वर्षे संपवून आम्ही गाडीकडे वळलो.

धाऊ मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर होता. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरी बसला. पन्नाशीच्या आत, धडधाकट माणूस. मला तेव्हाच ते पटले नव्हते, पण मला कोणी विचारले नव्हते. तरी कामाची त्याला समज आहे. फक्त आता त्यात थोडा नाटकीपणा आला आहे. मी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून त्याच्यापुढे धरली, तर त्याने रंग बघितलाच नाही. तेल दोन बोटांत घेऊन चोळले, नाकाला लावले, डोळे मिटले. वैद्यासारखा.

"पाण्याचा दोष नाय," म्हणाला. "गिअरचा तेल जळलाय. हे तेल थंड कुठं होतंय?"

मी म्हणालो, "थंड व्हायला लागतं?"

तो सावकाश खाली बसला आणि बोनेटखाली हात घातला. गिअरबॉक्सकडून दोन लोखंडी नळ्या पुढे येतात. त्यांच्यावरून त्याचा हात चाचपत रेडिएटरपर्यंत गेला आणि थांबला.

"दादा, या दोन नळ्या रबरी तुकड्यानं एकमेकींना जोडल्यात."

"हो."

"या रेडिएटरमध्ये जायला पायजेत. तिथं तेल थंड होऊन मागं जाणार. इथं ते गरमच्या गरम परत जातंय. हे कोणी केला?"

मी शेडच्या पत्र्याकडे बघितले. नव्वद साली जुना रेडिएटर फुटला तेव्हा भिवंडीहून दुसरा बनवून आणला होता. त्याला या नळ्यांसाठी जागाच नव्हती. नळ्या लोंबकळत ठेवणे बरे दिसत नव्हते, म्हणून जोडल्या.

चहा घेऊन आलेल्या गीताने सांगितले, "यांनीच."

धाऊ हसेल असे वाटले. "बघ, डिझेल टाकला असता तर," असे म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. म्हणाला नाही. "तेलाला वेगळा कूलर लावू," एवढेच म्हणाला. "रेडिएटरच्या पुढं. हवा लागेल असा."

११ एप्रिल, रविवार

मुरबाडला महादू भंगारवाल्याकडे धाऊबरोबर गेलो. तेल थंड करायचा कूलर म्हणजे दिसायला छोटा रेडिएटरच. शाळेच्या पाटीएवढा, आत वेटोळी नळी, तिला पातळ पत्र्यांच्या झालरी, दोन तोंडे. महादूने कारखान्यातल्या मशिनांचे सात-आठ पुढ्यात टाकले. मी त्यातल्या त्यात चकचकीत उचलला. धाऊने तो कानाशी धरून हलवला आणि बाजूला ठेवला. "आत कचरा हाय." मग एकेकाच्या झालरीवरून नखे फिरवत बसला. ज्यावर थांबला तो सगळ्यांत कळकट होता. महादू म्हणाला, "बरोबर घेतलात. मालक, तुमचे भाऊ हात लावून पारखतात." धाऊ म्हणाला, "एक तोंड बंद कर आणि दुसऱ्यातून फुंक, दादा." मी फुंकले. गळत नव्हता.

एक गोष्ट लिहावी की नाही या विचारात होतो. ही वही खासगी आहे, म्हणून लिहितो. दुकानाची पायरी उतरताना धाऊ अडखळला आणि माझ्या अंगावर आला. त्याआधी रस्त्यात उभ्या असलेल्या हातगाडीला धडकला होता. चहाचा पेला घेताना हात चुकला. ते सकाळचे अकरा होते.

मला वाटते, धाऊ पिऊ लागला आहे. नोकरी का सुटली ते आता कळते.

१२ एप्रिल, सोमवार

वरील गोष्ट गीताला सांगितली. तिने हातातले सूप खाली ठेवले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "तुमी धरणावर पाणी बघता की निस्ताच काठी बघता?"

प्रश्नाचा रोख समजला नाही. पातळी काठीवरच बघायची असते.

१४ एप्रिल, बुधवार

गीता अजून बोलत नाही.

१८ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया

कूलर बसवला. मुहूर्त चांगला होता, पण तसे ठरवून केले नाही. रविवार होता.

कूलर आत-बाहेर घासलेटने धुतला. रेडिएटरच्या पुढे बोटभर अंतर सोडून लोखंडी पट्ट्यांवर बोल्टने कसला. धाऊ सांगत होता, मी करत होतो. पुढचा प्रश्न असा की दोन नळ्यांपैकी तेल बाहेर फेकणारी कोणती. धाऊ म्हणाला, "दोनी सोड, खाली डबे लाव, चंदाला दोन सेकंद गाडी चालू करू दे." चंदाने चावी फिरवली. वरच्या नळीतून तेल आले ते नेमके माझ्या शर्टावर. चंदा इतकी हसली की गाडी बंद करायचे विसरली. धाऊही हसला, पण मला बघून नाही, तिचे ऐकून. मीही हसलो असे गीता नंतर म्हणाली. माझ्या लक्षात नाही.

जुने तेल काढले. काळपट तपकिरी, करपलेल्या गुळासारखा वास. नवे लाल तेल हायवेवर मिळाले, ट्रकच्या स्टिअरिंगला वापरतात तेच. रबरी नळ्या दाबाच्या घेतल्या. पुढच्या क्लिपा धाऊने आवळल्या. मागे, गिअरबॉक्सजवळची एक मी आवळली.

काम चालू असताना बोलणे फक्त तेलाबद्दल झाले. एकदा तो म्हणाला, "बाबा असते तर शिव्या घातल्या असत्या."

मी म्हणालो, "कोणाला?"

"दोघांना पण."

जेवायला पुरणपोळी होती. गीताने धाऊच्या ताटात वाढताना सांगितले, "भावजी, भात उजवीकडं, आमटी वरती, पोळी तुमच्या हाताशी." माझ्या ताटात काय कुठे आहे हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

२५ एप्रिल, रविवार

चाचणी. किन्हवलीचा चढ, त्यापुढे सरळगाव आणि परत. लांबडी एकदाही थांबली नाही. आंब्याखालची सकुबाई गोणपाट घेऊन उठली होती, तिला हात केला.

सरळगावला मी धाऊला म्हणालो, "बस, तू चालव." बाबांनी आम्हा दोघांना याच गाडीवर शिकवले. तो माझ्याहून चांगली चालवायचा, हे मी त्याला कधी सांगितलेले नाही. म्हणाला, "नको. तूच चालव. मी ऐकतो." एवढ्या मोठ्या मनाने दिलेली गोष्ट माणसाने अशी परत करावी, याचे वाईट वाटले.

१० मे, सोमवार

काल लग्न झाले. काल लिहिता आले नाही, आज लिहितो. रजा टाकली आहे.

बारा पस्तीसचा मुहूर्त. सगळे वेळेत झाले. मुलगा शांत आहे, आटगावला त्याच्या घरची भातशेती आहे आणि तो कल्याणला कामाला जातो. जेवणे झाली आणि चारच्या सुमारास पाठवणी. लांबडीला झेंडूच्या माळा. मागे चंदा, आदेश आणि पाठराखीण. वऱ्हाडाचा टेम्पो आधीच पुढे निघालेला. मी बसलो आणि बघतो तर शेजारी धाऊ दार उघडून बसतोय.

शकू धावत आली. "अहो, बाप नाय जात पाठवणीला! लोक काय म्हणतील?"

धाऊ म्हणाला, "बाप म्हणून नाय जात. फिटर म्हणून जातो."

चंदा रडत होती ती थोडी हसली. निघालो.

सरळगाव गेले. पाण्याचा काटा जागेवर. चढ लागण्याच्या बेतात धाऊने नाक वर केले. "दादा, थांबव."

"का? काटा जागेवर आहे."

"काटा पाण्याचा हाय. थांबव."

थांबवली. खाली वाकून बघितले तर रस्त्यावर लाल तेलाची रेघ, आमच्या मागे लांबवर. आणखी दोन मैल गेलो असतो तर तेल संपून गिअरबॉक्सची राख झाली असती आणि नवरी रस्त्यावर राहिली असती.

धाऊने फेटा काढून आदेशच्या मांडीवर ठेवला आणि नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरला. मी दुसऱ्या बाजूने शिरलो. लांबडीच्या पोटाखाली दिवसाही अंधार असतो. वरून तेल टपकत होते, माझा चष्मा लाल झाला आणि मला काहीच दिसेनासे झाले. मी आदेशकडून बॅटरी मागून घेतली आणि धाऊच्या हातांवर धरली. त्याची बोटे नळीवरून मागे मागे सरकत गेली, गरम लोखंडाला लागून एकदा झटकली गेली, पुन्हा तिथेच आली.

"मागची क्लिप निसटलीय," म्हणाला. "नळी सरकलीय."

ती क्लिप मी आवळलेली. तो तसे म्हणाला नाही. मी वर लिहून ठेवले आहे, म्हणून नाकारता येत नाही.

"दिसतंय का तुला?" मी विचारले. "बॅटरी अजून जवळ आणू?"

"बंद कर ती, दादा. सेल कशाला जाळतोस."

"अरे, पण अंधार आहे."

"मला बॅटरीनं पण नाय दिसत."

मी बॅटरी बंद केली नाही.

तो काम करतच बोलला. हळू, वरच्यांना ऐकू जाऊ नये असे. "उजव्यानं कायच नाय. डाव्यानं पपईच्या पानाच्या नळीतून बघितल्यासारखा, एवढुसा गोल. तो पण धुरकट. चार वर्षं झाली. कारखान्यात एकदा मशिनमध्ये हात जाता जाता राहिला, तवा सोडली नोकरी."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"मुरबाडला दाखवला. तो बोलला, कल्याणला मोठ्याकडं जा. मग चंदाला स्थळं यायला लागली. म्हटलं, तिचा होऊ दे आधी. बापाचे डोळे गेले म्हटल्यावर लोक पोरीचे डोळे तपासतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठं बोलत होतास?"

तेलाचा एक थेंब माझ्या कपाळावर पडला आणि कानाकडे गेला. मी पुसला नाही.

"पक्कड दे," धाऊ म्हणाला.

दिली. त्याने नळीचे फाटलेले टोक कापले, पुन्हा चढवले, क्लिप आवळली आणि माझा हात धरून तिच्यावर ठेवला. "बघ. आता हालते का?"

हालत नव्हती. मी हात लगेच काढला नाही. त्यानेही काढला नाही.

डिकीत लाल तेलाचा डबा होता, तो ओतला. गाडी चालू ठेवून पट्टी बघितली, पातळी बरोबर. पाठराखीण मागच्या सीटवर झोपली होती. आदेश उतरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, सासऱ्यांच्या डोळ्यांचं मला माहितीय. चंदानं सुपारी फुटायच्या आधीच सांगितला होता. घरी पण माहीत हाय. पण त्यांना वाटतं आम्हाला माहीत नाय, तर राहू दे तसा."

म्हणजे चंदाला, शकूला, गीताला, मुलाला, मुलाच्या घरच्यांना आणि कदाचित महादू भंगारवाल्यालाही माहीत होते. माहीत नसणारा मी एकटाच, आणि महिनाभर दर रविवारी मी त्याच्या शेजारी उभा होतो.

चंदाला साडेसहाला आटगावला उतरवले. सासूने मायेने आत नेले. धाऊ ओसरीवर उभा राहून तिच्या बांगड्यांचा आवाज आत जाईपर्यंत ऐकत होता. गाडीत येऊन बसला तेव्हा मी म्हणालो, "सोमवारी कल्याणला जायचं. पुढच्या."

"कशानं?"

"या गाडीनं."

"गरम होईल."

"होऊ दे."

धाऊला धसईला पोचवून घरी आल्यावर गीताला विचारले, मला का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "सांगितला असता तर तुमी कीव करून गेले असते. भावजी बोललेले, दादा कीव करून आला तर दार लावून घेईन. म्हणून गाडीचा निमित्त काढला." मग म्हणाली, "मला काय माहीत, गाडी खरंच एवढी बिघडलेली असेल."

रात्री २१ मार्चची नोंद काढून वाचली. खोडणार होतो. पण नोंद खोडायची नसते, खाली दुरुस्ती लिहायची, असा आमच्याकडे नियम आहे.

दुरुस्ती: धसईच्या बाजारात धाऊने ओळख दाखवली नाही, असे नाही. त्याला मी दिसलो नाही. मी हाक मारायला हवी होती.

दुरुस्ती: ११ एप्रिलची पिण्याबद्दलची नोंद चुकीची आहे. लिहिणाऱ्याला लाज वाटते.

१७ मे, सोमवार

कल्याण. डॉक्टर बाई आहेत, तरुण, पण घाई करत नाहीत. काचबिंदू म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते, कडेचे दिसणे आधी जाते. उजवा डोळा गेला, तो परत येणार नाही. डाव्यात जे उरले आहे ते राखता येईल. रोज ठरल्या वेळी थेंब, जन्मभर, एकही वेळ चुकवायची नाही.

धाऊने विचारले, "चार वर्षांपूर्वी आलो असतो तर?"

बाईंनी त्याच्याकडे बघितले, मग माझ्याकडे. "आज आलात ना," म्हणाल्या.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. नऊ वर्षांतली चार. तेवढ्यात मी गाडीला दोनदा पॉलिश केले होते.

दोन आठवड्यांत तीनदा तपासायला बोलावले आहे. धसईहून ते अवघड आहे, म्हणून धाऊने आमच्याकडे राहावे असे मी सुचवले. गीताने लगेच पाहुण्यांची गादी अंथरली. ती तिने गुरुवारीच उन्हात घालून ठेवली होती. योगायोग.

२२ मे, शनिवार

थेंब मी घालतो. सकाळी सात, रात्री सात. पहिले दोन दिवस गालावर पडले. धाऊ म्हणाला, "दादा, क्लिप आवळतोस तसा नको." आता नीट पडतात.

३० मे, रविवार

परवाच्या तपासणीत दाब उतरलेला निघाला. बाई समाधानी. आज धाऊला धसईला पोचवायला निघालो. शकूला थेंबांच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी न्यायला येणार, हेही खाली लिहिले आहे.

काल वळवाची एक सर येऊन गेली होती, हवा स्वच्छ होती. धसईच्या अलीकडे रस्ता वळतो तिथे धाऊ म्हणाला, "इथनं सिद्धगड दिसतो ना रे?"

"दिसतोय."

"थांब जरा."

दोघे उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. त्याने मान वर केली आणि इकडे तिकडे फिरवू लागला, एखादी हरवलेली वस्तू माळ्यावर शोधावी तशी. त्याच्या त्या एवढ्याशा गोलात अख्खा डोंगर मावायचा नव्हता, एक तुकडाच यायचा होता.

"डावीकडं," मी म्हणालो. "अजून. बास. आता वर. थोडा खाली."

"झाड आलं."

"झाडाच्या उजवीकडं. हळू. अजून एवढासा."

त्याची मान थांबली.

"सापडला," म्हणाला.

मग बराच वेळ त्याने मान हलवली नाही. हलवली तर पुन्हा शोधावा लागला असता. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो, म्हणजे तो हलणार नाही. मागून एसटी आली, तिने हॉर्न दिला, वळसा घालून गेली. आम्ही दोघे तिथेच बघत उभे होतो.